अमेरिकेतील गुलामगिरी आणि अक्षरांची लढाई

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. परंतु ती गुलामगिरी कशी फोफावली आणि तिच्याविरुद्ध कोणी लेखणी उचलली, याची माहिती थोड्यांनाच असते. ती करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

१७७६ साली अमेरिकेने सर्व माणसे समान असल्याचे जाहीर केले. पण ही समता काळ्या माणसापर्यंत पोहोचली नाही. १७९० च्या शिरगणतीत तेथे सुमारे ७ लाख गुलाम होते. ही प्रथा हळूहळू आपोआप संपेल, असे अनेकांना वाटे. परंतु १७९३ मध्ये एली व्हिटनीने कापसातून सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि सारे चित्र पालटले. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि मळेवाल्यांना फुकटचे हात. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी झाली, तेव्हा देशातल्या देशातच माणसांचा बाजार भरू लागला. व्हर्जिनिया, मेरीलँडमधील गुलाम मिसिसिपी, लुइझियानाच्या मळ्यांना विकले जाऊ लागले. आई एका धन्याकडे, तर लेकरू दुसऱ्याकडे! १८६० पर्यंत गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात गेली.

बेडीइतकीच धन्यांना अक्षराची भीती वाटे. १८२९ मध्ये बोस्टनचे डेव्हिड वॉकर या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याने बंडाची हाक देणारी पुस्तिका काढली आणि खलाशांमार्फत ती दक्षिणेत पोहोचविली. त्यानंतर अनेक दक्षिणी राज्यांनी गुलामांना लिहावाचावयास शिकविण्यावर बंदी घालणारे कायदे केले. १८३१ साली गॅरिसन यांनी ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक सुरू केले.

या लढ्यातील सर्वांत तेजस्वी नाव म्हणजे फ्रेडरिक डग्लस. मालकीण त्यांना मुळाक्षरे शिकवू लागली, तेव्हा मालकाने तिला थांबविले. शिकलेला गुलाम गुलाम राहणार नाही, हे तो ओळखून होता. डग्लस यांना त्यातूनच मुक्तीचा मार्ग उमगला. गोऱ्या गरीब मुलांना भाकरीचा तुकडा देऊन त्यांनी त्यांच्याकडून अक्षरे मिळविली. १८३८ मध्ये ते निसटले आणि १८४५ मध्ये त्यांनी मालकांची नावे देऊन आत्मचरित्र प्रसिद्ध केले. पुन्हा पकडले जाण्याचा धोका असल्याने त्यांना काही काळ इंग्लंडला जावे लागले.

१८५० च्या कायद्याने उत्तरेत पळालेला गुलामही सुरक्षित राहिला नाही. या संतापातूनच हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. वर्षभरात अमेरिकेत तिच्या ३ लाख प्रती खपल्या. हॅरिएट जेकब्स यांनी आजीच्या घराच्या माळ्यावर, जेथे उभेही राहता येत नसे, तेथे जवळजवळ ७ वर्षे लपून काढली. गुलाम स्त्रीच्या अब्रूवर कसा घाला घातला जाई, हे त्यांनी १८६१ मध्ये टोपणनावाने निर्भयपणे मांडले.

केवळ पुस्तकांनी गुलामगिरी गेली नाही. त्यासाठी १८६१ ते १८६५ असे रक्तरंजित यादवी युद्ध व्हावे लागले. मात्र अन्याय हा अन्याय वाटू लागला, तो या लेखणीमुळेच. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या. दुःख ओळखणाऱ्यांचे नाते समुद्रापलीकडेही जुळते. म्हणूनच आपल्या प्रत्येक विहारात पुस्तकांचे एक कपाट असावे आणि त्यात डग्लस यांचे आत्मचरित्र असावे, एवढीच विनंती. जय भीम!