पगार बदलला, मग लेकराची पोटगी का बदलू नये?

नवराबायकोचे पटले नाही, फारकत झाली, कोर्टाने लेकराला महिन्याची पोटगी बांधून दिली, की प्रकरण मिटले असे आपल्या वस्त्यांमधून समजले जाते. पंच मंडळी आपापल्या कामाला लागतात. नातेवाईक विचारीत नाहीत. पण लेकरू काही त्याच वयाचे राहत नाही. अंगणवाडीतले पोर बघता बघता आठवीत जाते. त्याला वह्या-पुस्तके लागतात, बसचा पास लागतो, क्लास लागतो, दोन भाकरी जास्त लागतात. इकडे बापही त्याच जागी राहत नाही. हंगामी असलेला कायम होतो, कायम असलेल्याची कंपनी बंद पडते. आई धुणीभांडी सोडून एखाद्या दवाखान्यात आयाच्या कामाला लागते किंवा आजारपणामुळे हातचे कामही सुटते. सगळे बदलते. बदलत नाही तो फक्त कोर्टाच्या कागदावरचा आकडा.

वस्तीत काम करताना माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. पहिल्या प्रकारात भगिनी. दहा वर्षांपूर्वी मुलीला महिना पंधराशे रुपये मंजूर झाले, तेव्हा बाप कंत्राटी कामगार होता. आज तो कायम झाला, पगार तिपटीने वाढला, तरी मुलीच्या खात्यात पंधराशेच पडतात. "कोर्टाने ठरवलंय भाऊ, आता काय करणार?" असे म्हणून ती गप्प बसते. दुसऱ्या प्रकारात आपलेच बंधू. काम सुटले म्हणून त्यांनी पोटगी भरणे मुकाट्याने बंद केलेले असते आणि आठ-दहा महिन्यांनी वसुलीची नोटीस हातात पडली की ते धावत येतात. दोघांचीही समजूत एकच, की कोर्टाचा आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ही समजूत चुकीची आहे. तिची किंमत दोन्ही घरांतले लेकरूच मोजत असते.

कायदा काय सांगतो?

फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ मधील कलम १२५ सर्वांच्या तोंडी आहे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुने कलम १२५ आता कलम १४४ झाले आणि पोटगीत बदल करण्याचे जुने कलम १२७ आता कलम १४६ झाले. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले. पोटगी देणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाले, तर न्यायदंडाधिकारी रक्कम वाढवू शकतो किंवा कमी करू शकतो. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे हे काम ते न्यायालय करते. अर्ज सहसा ज्या कोर्टाने मूळ आदेश दिला तेथेच करावा लागतो.

हे कलम कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू आहे. त्यासाठी घटस्फोट झालेला असण्याचीही गरज नाही. बाप ऐपत असून लेकराकडे दुर्लक्ष करतो, एवढे पुरेसे आहे. पूर्वी या कलमाखाली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा केंद्राच्या कायद्यात होती. २००१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. तेव्हा "कोर्ट जास्त देतच नाही" ही जुनी गोष्ट आता सोडून द्यावी.

घटस्फोटाच्या दाव्यात पोटगी ठरली असेल, तर हिंदू विवाह कायदा १९५५ चे कलम २६ मुलांच्या पालनपोषणाच्या आदेशात पुढेही बदल करू देते. हिंदू दत्तक व पोटगी कायदा १९५६ चे कलम २५ तर सरळ सांगते, की परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाल्यास कोर्टाच्या हुकुमाने किंवा आपसातील कराराने ठरलेली रक्कमही बदलता येते. हे दोन्ही कायदे बौद्धांना लागू आहेत. कायद्याच्या नावाबद्दल समाजात नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण या कायद्यांचे मूळ ज्या हिंदू कोड बिलात आहे, ते बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून लढवले आणि ते रखडवले गेले हे १९५१ च्या त्यांच्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. तो हक्क नावाच्या नाराजीपायी वापरायचा राहू नये.

दोघांच्या कमाईचा हिशेब

"ती आता कमावते, मग मी का देऊ?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये एका प्रकरणात दिले आहे. त्यात आई आणि बाप दोघेही नोकरीत होते आणि बापाचा पगार आईच्या सुमारे दुप्पट होता. न्यायालयाने प्रत्येक मुलाचा खर्च महिना ३,००० रुपये धरला आणि तो दोन भाग बापाने व एक भाग आईने उचलावा असे ठरवले. म्हणजे आईच्या कमाईने बापाची जबाबदारी संपत नाही, तिची वाटणी होते.

हाच हिशेब आपल्या घरातल्या आकड्यांनी करून पाहू. समजा बापाचा हाती येणारा पगार १८,००० आणि आईची कमाई ९,००० आहे. मुलाचा खर्च ६,००० असेल, तर दोनास एक या प्रमाणात बापाचा वाटा ४,००० व आईचा २,००० होतो. पाच वर्षांनी बापाचा पगार २७,००० झाला, आईची कमाई तेवढीच राहिली आणि मुलाचा खर्च ९,००० वर गेला. आता प्रमाण तिनास एक झाले. बापाचा वाटा ६,७५० आणि आईचा २,२५०. आदेश मात्र जुन्या ४,००० चाच असेल, तर दर महिन्याला २,७५० रुपये आई आपल्या पोटाला चिमटा घेऊन भरते आहे. वर्षाचे ३३,००० रुपये होतात.

आता उलट बाजू पाहू. बापाचे कायम काम गेले आणि तो दुसरीकडे १३,५०० वर लागला. आईचे ९,००० धरले, तर प्रमाण तिनास दोन होते आणि बापाचा वाटा ५,४०० निघतो. तेवढे दिल्यावर त्याच्या हाती ८,१०० उरतात. त्यात घरभाडे किंवा म्हातारी आई असेल, तर न्यायाधीश तेही पाहतील आणि आकडा आणखी खाली येऊ शकेल.

हा केवळ अंदाज करण्याचा मार्ग आहे. कोर्टाकडे असे बांधीव कोष्टक नाही. मुलाची गरज, दोघांची कमाई, दोघांवरच्या जबाबदाऱ्या आणि आईबाप एकत्र असते तर मुलाला मिळाले असते ते राहणीमान, हे सगळे पाहून रक्कम ठरते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जी आई लेकराला रोज सांभाळते, त्याचे दुखणेखुपणे काढते, तिचा वाटा पगाराच्या आकड्यात दिसत नाही. तो अर्जात स्पष्ट लिहावा.

दुसरे लग्न झाले असेल तर?

एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण होते. पगार वाढल्यामुळे उच्च न्यायालयाने पत्नी व मुलाची पोटगी १६,००० वरून २३,००० केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २०,००० वर आणली, कारण त्या गृहस्थाने पुन्हा लग्न केले होते व नव्या संसाराचा भारही त्याच्यावर होता. म्हणजे दुसऱ्या संसाराचा विचार झाला, पण पहिले लेकरू वाऱ्यावर सोडले नाही. पगारवाढीचा हिस्सा त्यालाही मिळालाच. या निकालातील पगाराच्या २५ टक्क्यांचा उल्लेख अनेक जण नियम म्हणून सांगतात. तो पत्नीच्या पोटगीसंबंधी होता आणि प्रत्येक घराला लागू पडणारे माप नाही.

आईने पुनर्विवाह केला, तर तिची स्वतःची पोटगी थांबते, मुलाची थांबत नाही. तसेच "मुलासाठी पुढे काहीही मागणार नाही" असे फारकतीच्या वेळी स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले जाते. आईला लेकराचा हक्क सोडून देण्याचा अधिकार नाही. असा कागद मुलाच्या आड येत नाही.

काम सुटले तर बापाने काय करावे?

बंधूंनो, हा भाग नीट वाचा. उत्पन्न घटले की पोटगी आपोआप घटत नाही. कोर्ट नवा आदेश देत नाही तोपर्यंत जुनी रक्कम दर महिन्याला चढतच राहते. थकबाकीच्या वसुलीसाठी वॉरंट निघू शकते आणि महिनाभरापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आल्याने थकलेली रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे.

म्हणून काम सुटल्याच्या महिन्यातच पोटगी कमी करण्याचा अर्ज द्यावा. कामावरून कमी केल्याचे पत्र, कंपनी बंद झाल्याची नोटीस, दवाखान्याचे कागद जोडावेत. आणि अर्ज दिला तरी हात आखडू नये. चार हजार जमत नसतील तर दीड हजार तरी खात्यात भरावेत. त्याने बाकी माफ होत नाही, पण माणसाची नियत कागदावर दिसते. पैसे नेहमी बँकेतून द्यावेत. हातात दिलेल्या रोख रकमेला पुढे साक्षीदार मिळत नाही.

मात्र खोटी अडचण कोर्टात टिकत नाही. पोटगी चुकवण्यासाठी नोकरी सोडणे, रिक्षा भावाच्या नावावर करणे, ओव्हरटाइम लपवणे हे प्रकार न्यायाधीशांच्या ओळखीचे आहेत. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले आहे. आणि जो पैसा बाटलीत जातो तो "परवडत नाही" या सदरात बसत नाही, हे आपण आपल्याच घरात कबूल केले पाहिजे.

कागद सांभाळा

मी पेशाने कारकून. कागदाशिवाय बोललेले टेबलावर टिकत नाही, हे रोज पाहतो. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे सक्तीचे केले. त्यात खोटे लिहिले तर कारवाई होऊ शकते. पोटगीचा मूळ अर्ज मंजूर झाल्यास ती अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

पोटगी वाढवून मागणाऱ्या भगिनीने मूळ आदेशाची प्रत, मुलाचा जन्मदाखला व बोनाफाईड, फीच्या आणि वह्या-पुस्तकांच्या पावत्या, औषधांची बिले, घरभाड्याची पावती, स्वतःच्या कमाईचा पुरावा व पासबुक एका पिशवीत ठेवावे. मुलाचा महिन्याचा खर्च एका वहीत तारखेनिशी लिहावा. बापाची पगाराची स्लिप मिळत नसेल तर तो कोठे, कोणत्या पदावर काम करतो एवढे लिहून कोर्टाकडून मागवावी. थकबाकी असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा. वर्षानुवर्षे थांबू नये.

आपसात तडजोड होत असेल, तर दरवर्षी रक्कम किती वाढेल हे त्याच वेळी लिहून घ्यावे. म्हणजे पुन्हा पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आणि या कलमाखालची पोटगी साधारणपणे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतच असते, हेही ध्यानात असू द्या. ऐन बारावीच्या वर्षात ती थांबू शकते. अविवाहित मुलीचे स्वतःच्या कमाईवर भागत नसेल, तर १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली तिला पुढेही बापाकडून पोटगी मागता येते.

वकिलाला पैसे कोठून आणायचे?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. म्हणून जातीचा दाखला असलेल्या काम गेलेल्या बापालाही ही मदत मिळू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याला तालुका समितीचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

वस्तीतील महिला मंडळांनी व तरुण कार्यकर्त्यांनी एक काम करावे. आपल्या भागात पोटगीचे जुने आदेश किती घरांत आहेत, याची यादी करावी. आदेशाचे साल, तेव्हाची रक्कम, मुलाची आजची इयत्ता आणि आईबापांची आजची कमाई एवढी पाच खाने पुरतील. जेथे तफावत दिसेल, तेथे आधी दोघांना समोर बसवून बोलावे, ऐकले नाही तर अर्ज लिहून द्यावा. भांडण नवराबायकोचे होते, ते कधीच संपले. आठवीतल्या पोराच्या पुढच्या वर्षाच्या फीची तारीख मात्र जवळ येत आहे.

जयभीम.