फक्त तीन गोष्टी : एका अग्निशमन दलाचं ध्येयवाक्य आपल्याला काय शिकवतं?

ट्रस्टचं ऑफिस असो, शाळा असो की पतसंस्था, भिंतीवर एक फ्रेम हमखास दिसते. ‘सर्वांगीण विकास’, ‘उत्कृष्ट सेवा’ असे भारदस्त शब्द त्यात असतात. पण तिथेच काम करणाऱ्या माणसाला विचारा की फ्रेममध्ये काय लिहिलंय. बहुतेकांना आठवणार नाही. मग अशा वाक्याचा उपयोग काय?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराच्या अग्निशमन दलाने याचं चांगलं उत्तर दिलं. ॲलन ब्रुनासिनी 1978 ते 2006 या काळात या दलाचे प्रमुख होते. त्यांनी दलाचं ध्येय तीन साध्या वाक्यांत मांडलं : नुकसान टाळा. जिवंत राहा. चांगलं वागा.

वाचायला फार सोपं वाटतं. पण रात्री तीन वाजता, धुराने भरलेल्या जिन्यात उभ्या असलेल्या जवानाला लांबलचक परिच्छेद आठवणार नाही. या तीन गोष्टी मात्र आठवतील.

पहिली गोष्ट, नुकसान टाळा. म्हणजे फक्त आग विझवणं नव्हे, तर ती लागूच नये म्हणून तपासणी करणं, लोकांना शिकवणंही आलं.

दुसरी, जिवंत राहा. या दलात धोक्याचा हिशेब शिकवला गेला. वाचू शकणारा जीव आत असेल तर मोठा धोका पत्करायचा, पण मोजूनमापून. मालमत्तेसाठी थोडाच. आणि जे आधीच हातचं गेलंय, त्यासाठी अजिबात नाही.

या वाक्याची कठीण परीक्षा मार्च 2001 मध्ये झाली. एका सुपरमार्केटच्या आगीत दलाचा एक जवान मरण पावला. दलाने ‘नशीब’ म्हणून विषय मिटवला नाही. रिकाम्या इमारतींमध्ये पुन्हा पुन्हा सराव करून पाहिला. एका अडकलेल्या जवानाला बाहेर काढायला सुमारे 12 जवान आणि सरासरी 21 मिनिटं लागतात, असं दिसलं. पाठीवरच्या सिलिंडरची हवा त्याआधीच संपू शकते. दोन-चार जण धावत जाऊन सोबत्याला काढतील, हा समज खोटा ठरला. ‘जिवंत राहा’ हे नुसतं भिंतीवर असतं, तर हा हिशेब कोणी केलाच नसता.

तिसरी, चांगलं वागा. ब्रुनासिनी सामान्य नागरिकाला ‘मिसेस स्मिथ’ म्हणत. तिच्या आयुष्यातल्या सर्वात वाईट दिवशी ती फोन करते. पाण्याचा मारा कसा केला हे तिला कळत नाही, पण जवान तिच्याशी कसं बोलले हे ती विसरत नाही. म्हणून सामान झाकणं, नातेवाइकांना फोन लावून देणं, आज रात्री कुठे झोपणार हे विचारणं, हेही कामच.

आता आपल्याकडे पाहू. मशिदीची कमिटी, वसतिगृह असलेला मदरसा, मोहल्ल्यातली सोसायटी, सगळ्यांना असं वाक्य लिहिता येईल. कसोट्या तीनच. नवख्यालाही पाठ व्हावं. ‘काय करायचं’ हे त्यातून कळावं. आणि दर वर्षी ‘आपण हे खरंच केलं का’ असं विचारता यावं.

मदरशाने लिहिलं, ‘प्रत्येक मूल सुखरूप राहील’, तर प्रश्न लगेच उभे राहतात. रात्री दाराला बाहेरून कुलूप लागतं का? दुसरा जिना मोकळा आहे का, की तिथे गाद्या रचल्यात? वायरिंग शेवटचं कधी तपासलं? सोसायटीत गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावल्या असतील, तर बंब आत येणार कसा? 101 नंबर मुलांना माहीत आहे का?

झोपण्यापूर्वी घरातली आग विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. आजच्या घरात त्याचा अर्थ गॅसचा रेग्युलेटर बंद करणं असाही होतो. जीव वाचवण्याचं मोल सूरह माइदाच्या 32 व्या आयतीतून आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

नियत मनात असते, पण ती दिसते अमलातून. कमिटीच्या पुढच्या बैठकीत भिंतीवरची फ्रेम खाली उतरवून एकदा मोठ्याने वाचा. त्यातलं एक तरी काम उद्या सकाळी करता येत नसेल, तर ती नव्याने लिहायला घ्या.