कापडावरचें टपाल आणि तेरड्याचा रंग

पहिल्या महायुद्धांत, १९१४ ते १९१८ या काळांत, फ्रान्समधील ब्रिटिश सैनिक घरीं जीं पत्रें धाडीत, त्यांत एक प्रकार मोठा नाजूक असे. जाळीदार रेशमाची लहानशी पट्टी, तीवर रंगीत दोऱ्यांनीं भरलेलीं फुलें, आणि भोंवतीं उठावाच्या कागदाची चौकट. त्यांवर वारंवार दिसणारें पॅन्झीचें फूल उगीच निवडलेलें नव्हे. फ्रेंच भाषेंत त्या फुलाचें नांव आणि ‘विचार’ हा शब्द एकच आहे. हीं कार्डें घरोघरच्या स्त्रिया हातानें भरीत, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. त्यांतील बरींचशीं हातानें चालविण्याच्या भरतयंत्रांवर झालीं असावीं, असें अलीकडील अभ्यासक मानतात. घरीं तें कार्ड उघडणाऱ्या आईला मात्र या भेदाशीं काय कर्तव्य होतें!

असें कार्ड मराठी घरांत करावयाचें, तर सरत्या पावसाळ्यासारखा हंगाम नाहीं. भाद्रपद-आश्विनांत सह्याद्रीच्या सड्यांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग पसरतो. ओलसर कातळावर सीतेची आसवें निळींजांभळीं डोकावतात. पुढें गवत सोनेरी होतें, आणि तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लागतांच तें फुटून बीं उधळतें. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. तरीहि फूल खुडून वहींत दाबण्याचा मोह सुटत नाहीं. साताऱ्याजवळील कासचें पठार पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर २०१२ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. तेथें फुलें तोडण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. बीं धरण्यापूर्वीं खुडलेलें फूल पुढच्या वर्षाचें रोपहि घेऊन जातें. दोऱ्यानें उतरून घेतलेल्या फुलाला ही किंमत द्यावी लागत नाहीं.

कार्डाचें माप १४ सेंटिमीटर लांब व ९ रुंद धरावें. पण कापड आधीं कापूं नये. फ्रान्समध्येंहि एकाच लांब पट्टीवर अनेक कार्डें भरून मग तीं कातरीत. फिकट सुती कापडावर पेन्सिलीनें आकृति काढून तें चौकटींत ताणावें. सोनकीच्या पाकळ्यांस लेझीडेझीचा टाका आणि मध्यावर गाठीचे टाके शोभतात. गवताच्या काड्यांना साधी टीप पुरे. एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे दोरा मागून ओढूं नये. पातळ कापडांतून तो दिसतो. सगळें कापड भरून काढण्याची हौस येथें आवरावी. सड्यावरील रान जसें मोकळें, तसेंच कार्डहि मोकळें बरें.

कापडाला ताठरपणा आणण्यासाठीं शिंप्याकडील बकरम आंत घालावें. खळीनें चिकटविण्याचा मार्ग सोपा दिसतो, परंतु ओल कापडांत उतरून कच्चा रंग फुटतो. त्यापेक्षां कापड, बकरम आणि पाठीचा जाड कागद यांच्या कडा काजाच्या टाक्यानें एकत्र शिवाव्या. टाके फार जवळ घेतल्यास कागद फाटतो, म्हणून आधीं सुईनें थोड्या अंतरावर छिद्रें पाडून घेणें बरें. फुलाचें नांव, ठिकाण आणि तिथि मात्र शिवण्यापूर्वींच पाठीवर लिहावी. मागून लेखणी नीट चालत नाहीं.

तयार कार्ड उघडें टपालांत टाकूं नये. शिक्क्यांच्या माऱ्यांत रेशीम टिकत नाहीं, हें सैनिकहि जाणून होते. तींहि बहुधा पाकिटांतूनच जात.