गिनीपिग घरात आणताना : सात वर्षांची सोबत

मुलाला एखादा प्राणी आवडला की ते त्याची किंमत विचारत नाही. किंमत आईवडील विचारतात. पण हा प्राणी किती वर्षे जगणार, तोपर्यंत आपले मूल कितव्या इयत्तेत जाईल आणि तेव्हा त्याच्याकडे कोण बघणार, हे सहसा कोणीच विचारत नाही. कोंबडी-बकरीचा हिशेब आपल्या घरांना पाठ असतो. गिनीपिग अंडे देत नाही, दूध देत नाही, राखणही करत नाही. त्याचा हिशेब फक्त सोबतीचा असतो. म्हणूनच तो आधी मांडला पाहिजे.

सावर्ड्यात (ता. चिपळूण) आमच्या घरी २०१६ ते २०२३ अशी सात वर्षे दोन गिनीपिग माद्या होत्या, चिंगी आणि ठकी. त्या विकत घेतल्या नव्हत्या. मुंबईच्या एका नातेवाइकांकडे भाड्याच्या खोलीत त्या ठेवणे कठीण झाले, म्हणून मे महिन्यात गावी येताना त्यांनी त्या आणल्या. मुलगी तेव्हा चौथीत जाणार होती. खोक्यात डोकावून आजी म्हणाल्या, "एकीकडे उंदरांना औषध घालता आणि हे पाळायला आणलंत?"

आजींची शंका खोटी नव्हती. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा ताप घरोघरी माहीत आहे आणि तो उंदरांच्या मुतातून पसरतो. गिनीपिगही उंदराच्याच वर्गातला, कुरतडणारा प्राणी. पण तो गटारात किंवा शेतात हिंडत नाही. स्वच्छ जागेत राहिला, त्याच्या खाण्यापाण्यापर्यंत बाहेरचे उंदीर पोचू दिले नाहीत आणि हाताळल्यावर साबणाने हात धुतले, तर भिण्याचे फारसे कारण राहत नाही.

ना गिनीचा, ना डुक्कर

या प्राण्याचे नाव फसवे आहे. तो आफ्रिकेतल्या गिनीचा नाही आणि डुकराचा नातेवाईकही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांच्या डोंगराळ भागात माणसांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले, तेही मांसासाठी. तिकडे त्याला 'कुई' म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि तिथे घरात पाळला जाऊ लागला.

पुढे तो प्रयोगशाळेत शिरला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधला, त्या कामात गिनीपिग वापरले होते. परवानगी न विचारता ज्याच्यावर प्रयोग केले जातात त्याला आपणही बोलताना 'गिनीपिग केला' म्हणतो. गरिबाला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९०७ मध्ये नॉर्वेचे होल्स्ट आणि फ्रोलिक या दोन शास्त्रज्ञांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले. त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही रोग झाला; हिरवा भाजीपाला दिला तेव्हा तो टळला. बहुतेक प्राणी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि गिनीपिगलाही जमत नाही. गिनीपिग पाळणाऱ्याने पहिली हीच गोष्ट लक्षात ठेवावी.

गवत, पेरू आणि कोथिंबीर

गिनीपिगचे मुख्य अन्न गवत. त्याचे दात जन्मभर वाढत असतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर तोंड मिटेनासे होते आणि प्राणी उपाशी मरतो. म्हणून सुके गवत चोवीस तास पुढे हवे. आमच्याकडे दिवाळीनंतर कापून वाळवलेले गवत गोणपाटात भरून माळ्यावर ठेवत असू. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडाले आणि तिकडची वाट बंद झाली, तेव्हा आमच्या चिंगी-ठकीला त्याची झळ लागली नाही, ती या गोणींमुळे.

जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा पावसाळ्यातले ओले गवत तसेच घालू नये, पोट फुगते. पडवीत पसरून पाणी निथळले की द्यावे. बुरशी आलेले गवत तर सरळ फेकावे. तणनाशक मारलेल्या बांधावरचे आणि हमरस्त्याच्या कडेचे गवतही नको.

'क' जीवनसत्त्व मोठ्या गिनीपिगला रोज वीस-तीस मिलिग्रॅम लागते. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशेच्या आसपास असते, म्हणजे एक लहान फोड पुरते. प्राणी पेरू देशाकडचा आणि फळाचे नावही पेरूच, याची आमच्या मुलीला फार गंमत वाटे. पेरू नसेल तेव्हा ढोबळी मिरची, कोथिंबीर किंवा आवळ्याचा तुकडा चालतो. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, दूध, पाव, भात, मासळी हे काही देऊ नये.

घर कसे असावे

लाकडी खुराडे चार फूट लांब, दोन फूट रुंद असले तर दोघींना पुरते. तळ जाळीचा नको, त्याने पायांना जखमा होतात. फळीवर वर्तमानपत्र, त्यावर सुका पेंढा आणि लपायला एक खोके ठेवावे. खुराडे जमिनीपासून उंच आणि बारीक जाळीने बंद असावे. कोकणात मांजर, मुंगूस, धामण यांना असली शिकार दुरून कळते.

थंडी गिनीपिग सोसतो, उकाडा सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यात आम्ही खुराडे माजघरात आणत असू आणि बाजूला ओले गोणपाट टांगत असू. पावसाळ्यात दमटपणामुळे अंगावर नायटा येतो आणि तो माणसालाही लागतो. म्हणून पेंढा एक दिवसाआड बदलावा.

एकटा गिनीपिग ठेवू नये. स्वित्झर्लंडने तर २००८ पासून असे एकटे ठेवायला कायद्यानेच बंदी केली आहे. पण जोडी म्हणजे नर-मादी नव्हे. मादी दोन-सव्वादोन महिन्यांत विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले डोळे उघडे, अंगावर केस असलेलीच जन्मतात आणि काही आठवड्यांत तीही वयात येतात. मग इतक्यांना घरे कुठून शोधायची? दोन माद्या ठेवणे सगळ्यात सोपे.

आजारपण

गिनीपिग दुखणे लपवतो. आम्ही दर रविवारी दोघींना तागडीत घालून वजन वहीत लिहीत होतो. वजन दोन आठवडे सलग घटले की काही बिघडले आहे असे समजावे. एक दिवस खाल्ले नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावण्यासारखी आहे. पेनिसिलीन आणि अमॉक्सिसिलीन ही औषधे गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्यातच तो दगावतो. घरातल्या माणसाची उरलेली गोळी चुरून त्याला कधीही देऊ नये. गावाकडचे पशुवैद्य गाई-म्हशी रोज तपासतात, गिनीपिग त्यांच्याकडे क्वचित येतो. म्हणून औषध घेताना हे आपणच अदबीने विचारावे. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. चिंगीला सर्दी झाली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मुंबईला फोन करून विचारले आणि मगच औषध दिले.

म्हातारपण

गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. चार-पाच वर्षांनंतर म्हातारपण दिसू लागते. डोळ्यांत मोतीबिंदू येतो, सांधे धरतात, नखे वेडीवाकडी वाढतात, लघवीत खडे होतात. ठकीला सहाव्या वर्षी दिसेनासे झाले. तेव्हा आम्ही खुराड्यातली एकही वस्तू जागची हलवली नाही; पाणी, गवत, खोके सगळे होते तिथेच ठेवले. ती चाचपडत नव्हती, सरळ जाऊन खात होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये चिंगी गेली. मुलगी दहावीत होती. तिने स्वतः मागच्या चाफ्याखाली खड्डा खणला आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मुलांचे असे दुःख मोठ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. 'दुसरा आणू' असेही लगेच म्हणू नये. मूल रडत असेल तर रडू द्यावे.

खरा प्रश्न ठकीचा होता. आंधळी, म्हातारी आणि आता एकटी. नवी जोडीदार आणली तर पुढे तीही एकटी पडणार आणि हा फेरा संपणार नाही. मुलीला सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवणी. तेव्हा आजीच म्हणाल्या, "तिचा पिंजरा माझ्या खाटेजवळ ठेवा. मला तरी कुठं जायचंय?" त्यानंतर कोथिंबीर निवडताना काड्या त्यांच्या हातून खुराड्यात जात आणि आजींच्या आवाजासरशी ठकी 'वीक वीक' ओरडे. मार्चमध्ये मुलीची परीक्षा झाली. ठकी जूनपर्यंत होती.

आणण्याआधी

गिनीपिग हवा असेल तर आधी कोणाकडे नकोसे झालेले आहेत का ते पाहावे. दुकानातूनच घ्यायचे असतील तर २०१८ च्या नियमांप्रमाणे दुकानाची नोंदणी लागते, ती विचारावी. रानातला ससा किंवा पोपट आणून पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कंटाळा आला म्हणून गिनीपिग रानात सोडणे म्हणजे त्याला मारणेच. तो तिथे एक रात्रही काढणार नाही.

मग घरातल्या सगळ्यांनी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. पावसाळ्यात गवत कोण आणणार? मुलाच्या दहावीच्या वर्षी खुराडे कोण झाडणार? आणि घर बदलावे लागले तर तो कुठे जाणार? यात पैशाचा प्रश्न लहान आहे. गवत बांधावर आहे, पेरू परसात आहे. लागतो तो रोजचा अर्धा तास, आणि तो सात वर्षे लागतो. तिन्ही उत्तरे मिळाली तर खुशाल आणावा. एकही अडले तर मुलाला तसे स्पष्ट सांगावे. त्यालाही ते कळते.