गोठणरोधी शीतक
गोठणरोधी शीतक : एंजिन थंड राखणारे पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळावयाचे द्रव्य. बहुधा एथिलीन ग्लायकॉल वापरतात. गोठताना पाण्याचे घनफळ सु. ९% वाढते व त्यामुळे एंजिनाचा ओतीव ठोकळा तडकू शकतो. समप्रमाण मिश्रण सु. -३७° से.पर्यंत द्रवरूप राहते; निव्वळ ग्लायकॉल मात्र सु. -१३° से.लाच गोठते. लडाखमधील द्रास येथे हिवाळ्यात तापमान -२०° से.खालीही उतरते. अशा ठिकाणी केवळ पातळी पाहणे फसवे ठरते. गळतीची तूट साध्या पाण्याने भरल्यास पातळी पूर्ववत होते, संरक्षण घटते. म्हणून हायड्रोमीटरने मिश्रणाचे प्रमाण तपासतात. थंडीने रबरी नळ्या आकसून सांध्यांतून होणारी गळती एंजिन तापल्यावर पुष्कळदा थांबते. ती एंजिन थंड असतानाच शोधावी. रेडिएटरचे झाकणही तेव्हाच उघडावे. सांडलेले ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने जनावरांपासून दूर ठेवावे.