द्राक्षं निघेपर्यंत थांबलेल्या गाठी

१६ फेब्रुवारी २०२५ ला माजी गृहमंत्री आर. आर. पाटलांना, म्हणजे आबांना, जाऊन दहा वर्षं झाली. त्या आठवड्यात त्यांच्यावर जे जे लिहून आलं ते मी वाचलं. ग्रामस्वच्छता अभियान, डान्सबारबंदी, अंजनीच्या घराचा साधेपणा, सगळ्याची उजळणी होती. ते तोंडाच्या कॅन्सरने गेले, हे मात्र एका ओळीत उरकलेलं होतं आणि तंबाखूचं नाव बहुतेकांनी घेतलंच नव्हतं. मला ते फार लागलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तासगावातून निवडून आलेला माणूस चार महिन्यांत, ५७ व्या वर्षी लीलावती रुग्णालयात गेला. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी तरी तो आजार नाव घेऊन सांगायला हवा होता.

तंबाखू आमच्या नाशिकला नवी नाही. सिन्नरच्या बायकांच्या दोन-तीन पिढ्या विड्या वळण्यात गेल्या. शेजारच्या संगमनेरातून गाय छाप आली आणि घराघरात म्हाताऱ्या मिश्री लावत राहिल्या. यातून काय होतं हेही फार आधी कळलेलं होतं. तोंड आखडत जाण्याच्या विकाराचं वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्येच केलं होतं. टाटा इन्स्टिट्यूटच्या डॉ. फली मेहतांच्या चमूने १९६६ ते १९६९ या काळात पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासली. पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या, २००२ मध्ये राज्याने गुटखाबंदी केली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. त्याच वर्षी शरद पवारांवर तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल ते नंतर जाहीरपणे बोलले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मला बोलायचंय ते २००४ नंतरच्या दहा वर्षांबद्दल.

माझे थोरले मामा निफाडकडचे, द्राक्षबागायतदार. दिवसभर ओठाआड तंबाखूचा बार. २००८ च्या ऑक्टोबर छाटणीत दाढी करताना डाव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ त्यांच्या हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून कुणाला सांगितली नाही. दुखत नाही म्हणजे भिण्याचं कारण नाही, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. या आजारात तो जिवावर बेततो, कारण सुरुवातीला दुखत नाही हीच त्याची खोड आहे. दिवाळीत मामींच्या लक्षात आलं, भाकरीचा घास मोठा झाला की मामा तो मोडून घेतात. तोंडात दोनच बोटं जात होती. निरोगी माणसाची तीन जातात. "अहो, एकदा दाखवून या," असं मामी रोज म्हणत. मामांचं उत्तर ठरलेलं होतं, "द्राक्षं निघू देत."

तरी मामींनी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या डॉक्टरांनी बाहेरून गाठ चाचपली, पण गाल ओढून आत बॅटरीचा उजेड टाकला नाही. दाढेचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं. मग दुसऱ्याने दाढ काढली. ती जखम भरेना. न भरणारी जखम हीच धोक्याची खूण असते, पण गावाने निदान केलं की दाढ काढल्यामुळेच हे झालं. त्यात एका शहाण्या नातेवाइकाने सांगितलं, सुई टोचली की पसरतं. त्या एका वाक्यावर माझा आजही राग आहे. मानेतल्या गाठीत बारीक सुई घालून पेशी काढतात, तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा जागा बधिर करून काढतात. दोन्ही कामं काही मिनिटांची, रिपोर्ट काही दिवसांत येतो. त्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो वाट बघण्यात. शिवाय प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याची अगदी अशीच गाठ टीबीची निघाली आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी गेली. पण तेसुद्धा सुईनेच कळलं.

मार्चअखेर माल निघाला. एप्रिलमध्ये आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलो. मुक्काम संत गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे अर्धा महाराष्ट्र फाइल छातीशी धरून बसलेला होता. परळला टाटा रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गाठ कधीपासून? मामींनी सांगितलं, छाटणीपासून. डॉक्टरांना छाटणी कळली नाही. मी महिने मोजून सांगितले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढे जबड्याचा एक भाग काढला, छातीचा मांसल भाग वर घेऊन गाल शिवला, मानेतल्या गाठी काढल्या, नंतर किरणोपचाराचे शेक दिले. मामा पुढचा हंगाम कसाबसा बघू शकले, तोही नळीतून पातळ पेज घेत.

याच दशकात सरकारनेही बरंच केलं. ते मी नाकारणार नाही. २००९ मध्ये पुड्यांवर इशाऱ्याची चित्रं आली, पण तंबाखूच्या पुडीवर विंचू छापला. गालात सुरू होणाऱ्या रोगासाठी विंचू कशाला, हे मला तेव्हाही कळलं नाही. मामींनी ती पुडी हातात घेऊन मला विचारलं होतं, यात तोंड कुठंय? जुलै २०१२ मध्ये पुन्हा गुटखाबंदी आली. त्याच वर्षी सिनेमा सुरू होण्याआधीच्या तंबाखूविरोधी जाहिरातीत भुसावळचा मुकेश हराणे दिसू लागला. तो २४ व्या वर्षी, २००९ मध्येच गेला होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली आणि नाशिकच्या गरिबाला दीड लाखापर्यंतच्या उपचारांचा आधार मिळाला. मामांच्या वेळी तो नव्हता.

आणि मग मार्च २०१५. आबांना जाऊन दीड महिनाही झाला नव्हता. पुड्यांवरची चित्रं ८५ टक्के जागेवर छापायची होती आणि ते प्रकरण ज्या संसदीय समितीपुढे होतं तिचे अध्यक्ष, आमच्या शेजारच्या नगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की, तंबाखूने कॅन्सर होतो हे सांगणारा भारतीय अभ्यासच नाही. नगरची हद्द जिथे संपते तिथे पुणे जिल्हा सुरू होतो, आणि त्याच जिल्ह्यात एक लाखावर माणसांनी तोंड उघडून दाखवलेलं होतं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केरळ, आंध्र आणि गुजरातेतल्या ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. गांधी आज हयात नाहीत, तरी त्या विधानाला मी माफ करू शकत नाही. मोठी चित्रं एप्रिल २०१६ मध्ये आली.

नंतरची वर्षं मी भरभर ओलांडते. राज्यातलं तंबाखूचं प्रमाण प्रौढांमध्ये ३१.४ टक्क्यांवरून २६.६ टक्क्यांवर आलं, असं २०१६-१७ च्या पाहणीने सांगितलं. आता पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, आणि टपरीवर उभं राहून दोन्ही एकत्र करतात. उपचार मात्र जवळ आले. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालय आहे, मुंबई नाक्याकडे कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रिया होतात. पंचवटी एक्स्प्रेस गाठावी लागत नाही.

तरीही माणसं उशिराच येतात, आणि म्हणून माझी तक्रार संपत नाही. दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, आखडलेलं तोंड, मानेतली कडक गाठ, एवढं ओळखायला मशीन लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं पाहिली, आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हे २००५ मध्ये छापून आलं, म्हणजे मामांना गाठ लागण्याच्या तीन वर्षं आधी. आमच्याकडे ३१ मे ला व्यसनमुक्तीची फेरी निघते, शाळेची पोरं घोषणा देतात, फोटो येतात. पेठ-सुरगाण्याचे शेकडो मजूर हिवाळ्यात दिंडोरी-निफाडच्या बागांवर आणि पॅकिंग शेडमध्ये एका जागी सापडतात. चुना मळून तंबाखू खातात ते तिथेच. डिसेंबरात एकेका शेडवर ग्रामीण रुग्णालयाचा दंतवैद्य बॅटरी घेऊन अर्धा दिवस बसला, तर ती सगळी तोंडं बघून होतील. मे महिन्यात फेरी निघते तेव्हा ते मजूर आपापल्या पाड्यांवर परतलेले असतात.