ढाक कोणासाठी?

कृष्णाकाठच्या यात्रांत फड भरतो, हलगी कडाडते, खडाखडी लांबत जाते आणि अचानक एक पैलवान ढाक लावून दुसऱ्याला अस्मान दाखवतो. माणसे उठून उभी राहतात. त्याच गर्दीत एखादा जाणता मात्र मान हलवतो: साधा पट काढला असता तरी कुस्ती झाली असती, एवढा तमाशा कशाला? उथळ पाण्याला खळखळाट फार, या म्हणीवर आपण वाढलो आहोत. त्यामुळे डोळे दिपवणारे काही दिसले की त्यात खोली नसणार, असे आपण गृहीत धरतो. सातारा-सांगलीच्या क्रीडा इतिहासाकडे पाहिले, तर हे गृहीतक टिकत नाही असे मला वाटते.

ढाक म्हणजे काय ते आधी पाहू. प्रतिस्पर्ध्याची मान हाताने आवळायची, त्याच झटक्यात स्वतः वळून कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि त्याला कमरेवरून पुढे फेकायचे. वळताना आपली पाठ अर्धा क्षण त्याच्या ताब्यात जाते. पकड निसटली तर तोच आपल्यावर स्वार होतो. मग एवढा धोका पत्करायचा कशासाठी? पट काढून, म्हणजे पाय खेचून, पाडलेला माणूस बहुधा पालथा होण्याची धडपड करतो आणि त्याला चीत करायला पुन्हा झगडावे लागते. ढाकात तो पडतो तोच पाठीवर. म्हणजे दिसायला सर्वांत भपकेबाज असलेला हा डाव खरे तर चितपटीचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा ढाक प्रसिद्ध होता. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट आणि तिथले नियम त्यांच्या सवयीचे नव्हते, तरी ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मातीत प्रतिस्पर्ध्याला तासभर दमवता येते, मॅटवर घड्याळ चालू असते. अशा ठिकाणी उभ्या कुस्तीत तरबेज असणे आणि एका झटक्यात निकाल लावू शकणे हीच तर गरज होती.

अस्सल काय आणि दिखाऊ काय, याचा निवाडा फडाच्या भाषेने फार पूर्वीच केला आहे. आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. नुरा कुस्तीतही ढाक लागतो, कदाचित जास्त उंच लागतो, कारण समोरचा अंग सोडून देतो. डाव तोच, प्रेक्षकांचा हर्षही तोच. फरक एवढाच की खऱ्या कुस्तीत तो डाव लागू नये म्हणून दुसरा पैलवान सारी ताकद लावत असतो. म्हणून माझी कसोटी डावाच्या देखणेपणाशी बांधलेली नाही. समोरच्याच्या पूर्ण विरोधाला तो डाव उत्तर देतो का, एवढेच मी पाहीन.

सांगलीत 1933 साली जन्मलेल्या नंदू नाटेकरांना ही कसोटी लावून पाहा. त्यांच्या खेळातल्या नजाकतीचे, विशेषतः बॅकहँडचे, कौतुक आजही होते. बॅडमिंटनचे पिसांचे फूल हवेत झपाट्याने वेग गमावते. त्यामुळे खांद्याची आणि हाताची तीच हालचाल ठेवून शेवटच्या क्षणी मनगटाने वेग मारला, तर जोरदार फटक्याची वाट पाहणारा खेळाडू मागेच राहतो आणि फूल जाळीला लागून खाली उतरते. प्रेक्षकांना यात सौंदर्य दिसते, पण फसवायचे असते ते पलीकडच्या खेळाडूला. तो फसला नाही, तर त्या मनगटाला काही अर्थ नाही. नाटेकर सहा वेळा एकेरीत राष्ट्रीय विजेते झाले आणि 1956 साली क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा त्यांनी जिंकली. भारतीय बॅडमिंटनपटूने परदेशात मिळवलेले ते पहिले आंतरराष्ट्रीय विजेतेपद. नुसत्या नखऱ्यावर इतके जमत नाही.

यावर कोणी सांगलीचेच क्रिकेटपटू विजय हजारे पुढे करील, आणि तो आक्षेप वजनदार आहे. जानेवारी 1948 मध्ये अॅडलेडला ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर हजाऱ्यांनी 116 आणि 145 धावा काढल्या. दुसऱ्या डावात संघाच्या साऱ्या धावा 277. कसलाही डामडौल नाही, सरळ बॅट आणि अचल चित्त. मग प्रतिभेला चमक लागते कशाला? लागत नाहीच. पण साधेपणातही प्रतिभा असते म्हणून चमकदारपणात ती नसते, असे कुठे ठरते? हजाऱ्यांचा बचाव आणि खाशाबांचा ढाक ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. डाव फसला की तो दिखाऊ ठरतो, हेही मला मान्य नाही; नेमका हिशेब करून घेतलेला धोकाही कधी अंगलट येतो. दिखाऊ असते ते दमलेल्या, हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला उगाच खेळवत ठेवणे. तिथे विरोध संपलेला असतो आणि उरते ती दुसऱ्याची मानहानी. ते मला मुळीच रुचत नाही. उलट अवघड डावाचा मान खेळाच्या नियमांनीही राखला आहे: आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला तर 2 गुण, उंच उचलून थेट पाठीवर फेकला तर 5.

आणि प्रेक्षकांसाठीच हे सारे असते म्हणावे, तर हेलसिंकीकडे पाहावे. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. टीव्ही नव्हता, त्या गाड्यांच्या मागे चालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांची तिथली एकही कुस्ती पाहिलेली नव्हती.